बिनक्लचची गाडी

"काका, तिकडे नाही, इकडे बसा. गाडी तुम्हाला चालवून बघायची आहे ना?"

शोरूममधला टायवाला स्टिअरिंगच्या बाजूचं दार उघडून उभा होता, आणि मास्तर पलीकडच्या सीटवर बसून, पट्टा लावून, हात मांडीवर ठेवून पुढच्या काचेतून भिंतीकडे बघत होते.

"त्यांना वाटलं, तुम्ही शिकायला आलायत," वहिनी म्हणाल्या.

टायवाला हसला, मास्तरांचे चिरंजीव हसले, सूनबाई पदराआड नाही पण फोनआड हसल्या. मास्तरही हसले, जरा उशिरा. पट्टा सोडून, गाडीला वळसा घालून ते या बाजूला आले आणि स्टिअरिंगसमोर असे बसले, जसं कुणी परक्याच्या घरी यजमानाच्या खुर्चीत बसावं.

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. आमच्या भागातल्या निम्म्या लोकांना त्यांनी गाडी शिकवली. उरलेले निम्मे त्यांचा आवाज ऐकून जन्मभर पायी चालले. ते "ब्रेक!" म्हणून ओरडले की शेजारच्या रस्त्यावरच्या सायकली थांबत. एकदा म्हणे चौकातलं घड्याळ थांबलं होतं. घड्याळाचं मी पाहिलेलं नाही, पण सायकलींबद्दल कुठेही शपथ घेईन. त्यांच्या हाताखालून गेलेला माणूस झोपेतसुद्धा इंडिकेटर दिल्याशिवाय कूस बदलत नाही; खोटं वाटत असेल तर त्याच्या बायकोला विचारा. एका कापडदुकानदाराने मास्तरांकडून रिव्हर्सची अशी धास्ती घेतली की दोन्हीकडून रस्ता असलेलं घर शोधून त्याने बिऱ्हाड हलवलं.

पण हे सगळं शेजारच्या सीटवरून. स्कूलची गाडी मालकाची. सकाळी फाटकातून बाहेर पडताना शिकाऊ चालवणार, संध्याकाळी आत येताना शिकाऊच चालवणार. मास्तरांनी स्टिअरिंगला हात लावायचा तो शेजारून, तिरका, झाडावरच्या फांदीला लावावा तसा. त्यांच्या पायाशी मात्र स्वतंत्र ब्रेक होता आणि स्वतंत्र क्लच. चढ आला, गिअर बदलायचा राहिला की इंजिन गळा काढून रडायला लागतं, आणि नवशिका माणूस नेमका तेव्हाच क्लच विसरतो. तेवढ्यात मास्तरांचा डावा पाय खाली गेलेला असे. डोक्याला विचारायला तो थांबत नसे. इंजिनाचा सूर बदलला की पाय खाली. मग तोंडात चहाचा घोट असो की शिवी. घरी मिक्सर अडकून घुरघुरला तरी त्यांचा पाय जमिनीवर दाबला जाई आणि वहिनी आतून ओरडत, "अहो, मिक्सरला क्लच नसतो!"

स्वतःची गाडी झाली नाही ती नाहीच. लग्न नवं असताना वहिनींनी विचारलं होतं, "मला कधी फिरवणार?" मास्तर म्हणाले होते, "आपली घेतली की. मी चालवणार, तू शेजारी." मग मुलाचं शिक्षण आलं, घराची गच्ची गळायला लागली, मालकाने स्कूल विकलं, नव्या मालकाने पगार पुढे ढकलला. वहिनी बसने फिरल्या. डोंगरापलीकडे राहणारी त्यांची बहीण नवऱ्याच्या गाडीतून यायची आणि जाताना हटकून म्हणायची, "तुम्ही पण या गं. बस अगदी दारात थांबते आमच्या." त्या 'दारात'वर ती जो जोर द्यायची, तो वहिनींनी बरीच वर्षं गिळला.

म्हणून मास्तर निवृत्त झाले त्या दिवशी वहिनींनी ताटं वाढतानाच विषय काढला.

"गावातल्या सगळ्या बायकांच्या शेजारी बसून झालं तुमचं. आता माझा नंबर लावा."

"सगळ्या बायका कुठल्या? त्यात निम्मे पुरुष होते."

"ते तुम्ही मोजलेत म्हणजे लक्ष बायकांकडेच होतं."

मास्तरांच्या मनात साधी गाडी होती: पेट्रोल, गिअर, क्लच, हाताला कळेल अशी. पण गाडी घ्यायची म्हटल्यावर घरात चिरंजीवांचा शब्द. चिरंजीव ऑफिसात कॉम्प्युटरपुढे बसतात आणि कुठलीही वस्तू घेण्याआधी महिनाभर तिच्याबद्दल वाचतात. चपलासुद्धा ते अभ्यास करून घेतात, आणि तरी त्या चावतात.

"बाबा, नुसती पेट्रोलची आता कुणी घेत नाही. नुसती बॅटरीची घेतली तर आई डोंगराच्या मध्यावर अडकेल. आपण प्लग-इन हायब्रिड घेऊ. कॉम्पॅक्ट क्रॉसओव्हर. उंच असते, आईला चढायला-उतरायला बरं."

"म्हणजे काय असते ती?"

"घरी वायर लावून चार्ज करायची. गावात बॅटरीवर चालते. बॅटरी संपली किंवा जोर लागला की पेट्रोलचं इंजिन आपोआप सुरू होतं."

"आपोआप म्हणजे कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही."

"तुझ्यासारखंच," वहिनी म्हणाल्या.

तर शोरूममध्ये मास्तर स्टिअरिंगसमोर बसले, आणि त्यांनी पहिल्यांदा खाली बघितलं.

"क्लच कुठाय?"

"क्लच नाही काका. ऑटोमॅटिक."

"मग डावा पाय काय करणार?"

"आराम!" टायवाला इतका खुशीत म्हणाला की जणू मास्तरांचा डावा पाय त्याच्याकडे अर्ज घेऊन आला होता.

मास्तरांनी मोठा, रुंद ब्रेक बघितला. दोन पेडलांच्या जागेवर ऐसपैस पसरलेला. पण तेवढ्यात वहिनी शेजारी येऊन बसल्या. त्यांनी पट्टा लावला, पर्स मांडीवर घेतली आणि समोर बघत म्हणाल्या, "हं. चला."

चाचणीची ती फेरी आमच्याकडे अजून सांगतात. गाडीची बॅटरी भरलेली, रस्ता सपाट. मास्तरांनी गाडी अशी नेली की सिग्नलवरचं फुलपाखरू बोनेटवर बसलं आणि तसंच बसून परत आलं. आवाज नाही, हिसका नाही. टायवाला मागे बसून बॅटरीची माहिती सांगायचं विसरून गेला. वहिनींनी सबंध वाटेत एकच वाक्य उच्चारलं, "पेट्रोलचा वास येत नाही हो," आणि परत आल्यावर त्या खाली उतरेनात.

"हीच," मास्तर म्हणाले.

गाडी घ्यायच्या दिवशी शोरूमवाल्यांनी तिच्यावर काळं कापड टाकलं होतं, वर लाल रिबीन. कापड ओढलं, टाळ्या वाजल्या. पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली हातात देऊन फोटो काढायचा म्हणून सगळ्यांना गाडीत बसवलं. फोटोवाला घाईत होता. मास्तर सवयीने पलीकडून गेले, शेजारच्या सीटवर बसले, आणि या बाजूची जागा रिकामी दिसली तसे चिरंजीव तिथे बसले. वहिनी मागे. फोटो सुंदर आला. तो चिरंजीवांनी सगळ्यांना पाठवला. खाली लिहिलं होतं, 'माझी पहिली गाडी.'

"माझी?" वहिनींनी विचारलं.

"अगं, लिहिण्याची पद्धत असते ती," चिरंजीव म्हणाले.

घरी गाडी चिरंजीवांनीच आणली, कारण संध्याकाळची गर्दी होती. सोमवारी ते ती ऑफिसला घेऊन गेले, कारण नवीन बॅटरी वापरात राहायला हवी म्हणे. मंगळवारी पाऊस होता. बुधवारी सवय झाली होती. मास्तरांकडे एक काम आलं: संध्याकाळी गाडी दारात आली की स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर बाहेर घ्यायची आणि गाडीला जोडायची. ते रोज जोडायचे. जोडल्यावर छोटा दिवा लागायचा. तो लागला की ते गाडीच्या छपरावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहायचे. आम्ही विचारायचो, "काय मास्तर, दूध काढून झालं का?" ते म्हणायचे, "रविवारी बघा. रविवारी हिच्या बहिणीकडे. मी चालवणार."

शनिवारी चिरंजीव मित्रांना गाडी दाखवायला गेले. आले तेव्हा मास्तर झोपले होते, आणि वायर जोडायची राहून गेली.

रविवारी सकाळी मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले. वहिनींनी ठेवणीतली साडी नेसली होती, बहिणीसाठी केळ्यांचा घड आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी घेतली होती. बरणी त्यांनी पायाशी ठेवली. मागे चिरंजीव आणि सूनबाई. मास्तरांनी बटण दाबलं आणि पडद्यावर बघितलं.

"बॅटरी रिकामी आहे रे."

"असू दे बाबा. चढ आला की इंजिन आपोआप सुरू होईल. बोललो ना मी."

बोलले होते. मास्तरांना ते पाठ होतं. त्यांच्या डाव्या पायाला कुणी सांगितलं नव्हतं.

बंद पडलेल्या सूतगिरणीपर्यंत रस्ता सपाट होता. उरलीसुरली बॅटरी गाडीला अलगद नेत होती. मास्तरांचा चेहरा असा होता की ओळखीच्या माणसाने हात केला असता तर त्यांनी ओळखलं नसतं. वहिनींनी काच खाली केली, कोपर बाहेर काढलं आणि विचारलं, "तिच्या दारात लावायची ना गाडी?"

"दारात काय, उंबऱ्यावर लावू."

मग उड्डाणपुलाचा चढ सुरू झाला. मास्तरांनी थोडा जोर दिला. गाडीला तो हवाच होता. गाडीच्या पोटात काहीतरी दचकून जागं झालं आणि इंजिन एकदम मोठ्याने ओरडलं. नवशिक्याच्या हातात, चढावर, चुकीच्या गिअरमध्ये ओरडतं तस्सं.

डावा पाय खाली गेला. आयुष्यभर गेला तसाच: पूर्ण, तळापर्यंत, विचार न करता. तिथे क्लच नव्हता. तिथे तो रुंद ब्रेक होता.

गाडी जागच्या जागी थांबली. पट्ट्यांनी सगळ्यांना धरून ठेवलं. वहिनींनी हात पुढे टेकवला होता, आणि त्याच वेळी मागून पावाची गाडी येऊन धडकली. फार जोरात नाही. पण टेकवलेल्या हाताला तेवढं पुरलं.

वहिनींनी उजवं मनगट डाव्या हातात घेतलं आणि त्याकडे बघत राहिल्या, कुणीतरी दुसऱ्याची वस्तू चुकून आपल्याकडे दिल्यासारख्या. बरणी फुटली होती. गाडीभर लोणच्याचा वास सुटला.

"काय झालं? बाबा, काय झालं? मध्येच ब्रेक का मारलात?"

"क्लच दाबला," मास्तर म्हणाले.

चिरंजीव उतरले, पावाच्या गाडीवाल्याशी बोलले, मागचा बंपर बघून आले. मग मास्तरांच्या बाजूचं दार उघडून त्यांनी शांतपणे सांगितलं, "बाबा, सरका." त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर ते आणखी एक वाक्य बोलले. ते मास्तरांचंच होतं. स्कूलमधल्या प्रत्येक रडणाऱ्या शिकाऊला मास्तर ते ऐकवायचे.

"चूक गाडीची नसते बाबा. पायाची असते."

वायर कुणी जोडली नव्हती, यावर कुणीच काही बोललं नाही. मास्तर तर नाहीच.

वहिनींच्या हाताला प्लास्टर बसलं. बहीण भेटायला आली, नवऱ्याच्या गाडीतून. "बस काय वाईट होती गं?" म्हणाली. मास्तर तिला चहा करून द्यायला आत गेले आणि चहा उकळून आटला तरी बाहेर आले नाहीत.

प्लास्टर निघायच्या आधीच चिरंजीवांची दुसऱ्या शहरात बदली झाली. तिकडे ऑफिसचं घर, ऑफिसची गाडी. क्रॉसओव्हर दारात राहिली. चिरंजीव जाताना म्हणाले, "बाबा, मधूनमधून चार्ज करत राहा, नाहीतर बॅटरी मरते." चालवायला सांगितलं नाही. किल्ली त्यांनी आईच्या हातात दिली, चांगल्या हातात.

मग आमच्या गल्लीने असा एक तमाशा बघितला की त्यावर हसावं की नाही हे अजून ठरलेलं नाही. मास्तर वहिनींकडून किल्ली मागून घेत, सूतगिरणीच्या मोकळ्या मैदानात गाडी नेत, आणि डावा बूट काढून, तो पाय मांडीखाली दुमडून, त्यावर बसून गाडी चालवत. मुद्दाम बॅटरी रिकामी करून आलेले असत. जोरात पुढे न्यायचे, इंजिन ओरडलं की दात आवळून उजव्या पायानेच निभवायचे. मग दुमडलेला पाय सोडून बघायचे. पहिले काही दिवस गाडी मैदानात बेडकासारखी उड्या मारत होती. नंतर उड्या कमी झाल्या. मग थांबल्या. इतक्या थांबल्या की मैदानातल्या शेळ्यांनी उठायचं सोडून दिलं.

त्या दिवशी ते घरी आले ते बूट दोन्ही पायांत घालून, ताठ.

"ऐक ना. पाय आता शिकला."

वहिनी पालेभाजी निवडत होत्या. प्लास्टर निघालं होतं, पण मनगट वाकडंच बसलं होतं. देठ खुडायला त्यांना डावा हात लागत होता.

"बरं झालं."

"मैदानात आज एकदाही चुकला नाही. इंजिन कितीही ओरडू दे. उद्या तिच्याकडे जाऊ या?"

वहिनींनी खुडलेली पानं एका बाजूला केली.

"तुमचा पाय शिकला असेल हो. माझं मनगट शिकलं नाही अजून. तुम्ही शेजारी बस म्हणाल, मी बसेन, आणि सगळी वाट हात पुढे धरून बसेन. त्याला काय फिरणं म्हणायचं?"

मास्तर म्हणाले, "मग गाडीचं काय करायचं?"

"मी शिकते."

"तू?"

"क्लच नाही म्हणतात ना तिला. मग मला काय अवघड आहे? विसरायला माझ्याकडे काहीच नाही."

"मग मी शिकवतो. उद्या सकाळी..."

"तुम्ही नाही."

"अगं, अख्ख्या गावाला..."

"म्हणूनच नाही. तुम्ही ओरडाल आणि मी ऐकेन. ते झालं की करून आयुष्यभर. मी स्कूलमध्ये सांगून आलेय. तुमच्या जागी आली आहे ना ती बाई, ती येईल. तिचा आवाज बारीक आहे म्हणतात."

मास्तर पालेभाजी निवडायला बसले आणि चांगली पानं टाकून देऊ लागले.

ती बाई आली. तरुण, केस घट्ट बांधलेले, पायात कापडी बूट. मास्तरांना बघून तिने आदराने मान लववली. "सर, तुमच्याबद्दल खूप ऐकलंय. अजून कुणी गाडीत बसलं की आधी तुमचीच गोष्ट सांगतं."

"चांगली का वाईट?"

"मोठ्या आवाजाची," ती म्हणाली. वहिनी हसल्या.

वहिनी स्टिअरिंगसमोर बसल्या. गुडघ्याला पुढे लागेल म्हणून त्यांनी सीट मागे घेतली, मग हात पोचेना म्हणून पुढे. मास्तर सवयीने पलीकडच्या दाराकडे गेले. दार उघडलं, तर आत ती बाई बसलेली. पट्टा लावून, हात मांडीवर ठेवून, समोर बघत.

"सर, तुम्हाला यायचंय का?" तिने विचारलं. "या की. पण मागे बसा. आणि एक सांगू? बोलायचं नाही."

"नाही बोलत."

मास्तरांनी मागचं दार उघडलं. मागच्या सीटवर बसायची त्यांना सवय नव्हती. पाय कुठे ठेवायचे हे पटकन कळेना. त्यांनी पट्टा शोधला, दोनदा चुकीच्या खाचेत घातला आणि मग लागला.

गाडी निघाली. आवाज नाही. ती बाई खालच्या आवाजात काहीतरी सांगत होती, वहिनी मान डोलवत होत्या. गल्ली संपली, दुकानं संपली. वळणावर वहिनींनी वेळेवर वेग कमी केला, वाकड्या मनगटाने चाक फिरवलं, जितकं हवं तितकंच. मास्तरांचं तोंड उघडलं आणि मिटलं.

सूतगिरणीजवळ मागून ट्रक आला. वहिनींनी मान वर करून आरशात बघितलं. आरशात त्यांचे डोळे मास्तरांना समोरासमोर दिसले, इतके जवळ की मास्तरांनी हसायला सुरुवात केली. पण ते डोळे त्यांच्यावर थांबले नाहीत. त्यांच्या खांद्यावरून ते मागच्या काचेत गेले, ट्रक किती लांब आहे ते बघितलं, आणि परत समोर रस्त्यावर गेले.

बरोबर बघितलं होतं. शिकवताना तसंच शिकवतात.

मास्तर जरा बाजूला सरकून बसले, वहिनींना मागचं नीट दिसावं म्हणून.